ध्वनीला जात कोण देतं?

एक प्रश्न आहे. माणसाच्या तोंडातून जे आवाज निघतात, त्यांतले काही जन्मानंच उच्च आणि काही जन्मानंच हलके असतात का? ‘पाणी’मधला ण वरच्या आळीतला आणि ‘पानी’मधला न गावकुसाबाहेरचा, हे ठरवलं कुणी? निसर्गानं? जिभेला तर हाडसुद्धा नसतं. मग तिला जात कुठून आली?

प्रश्न पोरकट वाटेल. पण या प्रश्नानं आपल्या कितीतरी पोरापोरींची तोंडं बंद केली आहेत. वर्गात पोरगं उभं राहतं, बरोबर उत्तर देतं, पण ‘पानी’ म्हणतं. वर्ग हसतो. उत्तर चुकलेलं नसतं, तरी हसतो. पोरगं खाली बसतं आणि परत उठत नाही. पुढं मुलाखतीत तेच, नाटकाच्या तालमीत तेच. जाब विचारला तर हसणारे फार सभ्यपणे सांगतात, अहो, यात जातीचा काय संबंध? शुद्ध उच्चार कानाला गोड लागतो, इतकंच.

म्हणजे उसात साखर असते तसा गोडवा त्या ध्वनीतच आहे, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं आपण रागानं फेकून देऊ नये. तपासून बघावं. पण मराठीत ते नीट तपासता येत नाही. तिथं आपण सगळेच वादी-प्रतिवादी. ‘ण’ला दर्जा कुणी दिला, कोणत्या साली दिला, याचा कागद सापडत नाही. म्हणून मी दुसरीकडे जातो. जगात काही भाषा अशा झाल्या, की सुरुवातीला त्या कुणाच्याच आईच्या नव्हत्या. कुणा एका माणसानं टेबलाशी बसून केलेल्या. अशी भाषा करणाऱ्याला ठरवावंच लागतं, की कोणते ध्वनी घ्यायचे, कोणते टाकायचे, कोणता कुणाच्या शेजारी बसवायचा. ही त्या भाषेची ध्वनिव्यवस्था. इथं ठरवणारा माणूस सापडतो, साल सापडतं, बऱ्याचदा कारणही सापडतं. ध्वनीला जात कशी चिकटते ते बघायला ही जागा चांगली आहे.

पहिली भाषा सोलरेसोल. फ्रान्समधल्या फ्रांस्वा स्यूद्र नावाच्या संगीतशिक्षकानं ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केली. तो १८६२ साली वारला आणि तिचं व्याकरण त्याच्यामागं १८६६ साली छापलं गेलं. त्यानं फक्त सात ध्वनी घेतले : दो, रे, मि, फा, सोल, ला, सि. आपले सा रे ग म तसे त्यांचे सात सूर. सगळे शब्द यांचेच. बोला, गा, वाद्यावर वाजवा, नाहीतर सात रंगांनी दाखवा. ज्याला ऐकू येत नाही त्यानं हातानं खुणा कराव्यात.

या भाषेत ‘मिसोल’ म्हणजे चांगलं आणि ‘सोलमि’ म्हणजे वाईट. ‘दोमिसोल’ म्हणजे देव आणि ‘सोलमिदो’ म्हणजे सैतान. तेच तीन ध्वनी. सरळ लावले की देव, उलटे लावले की सैतान. आता सांगा, पावित्र्य कुठल्या ध्वनीत आहे? ‘दो’मध्ये? मग ते सैतानातही आलं. देव मानणाऱ्यानं मानावा, न मानणाऱ्यानं मानू नये, पण एवढं पक्कं समजावं की ध्वनीला स्वतःचं असं काही चांगलंवाईट नसतं. त्याला जागा दिली जाते. जागा देणारा माणूस असतो.

मग जागा देताना काय होतं, हे दुसऱ्या भाषेत दिसतं. जर्मनीतल्या बाडेन प्रांतात योहान मार्टिन श्लायर नावाचा कॅथलिक पाद्री होता. त्यानं १८७९-८० साली सगळ्या जगासाठी व्होलाप्यूक नावाची भाषा केली. इंग्रजीतल्या ‘वर्ल्ड’चं केलं ‘व्होल’ आणि ‘स्पीक’चं केलं ‘प्यूक’. जगाची बोली ती व्होलाप्यूक. ‘वर्ल्ड’मधला र कुठं गेला? तो श्लायरनं मुद्दाम काढला. चिनी लोकांना र म्हणता येत नाही अशी त्याची समजूत होती. म्हणून त्यानं र होता होईल तेवढा टाळला.

हेतू वाईट नव्हता. पण नीट बघा. चिन्यांसाठी र काढणाऱ्या या माणसानं स्वतःच्या जर्मन तोंडातले ओठांचा चंबू करून म्हणायचे स्वर मात्र ठेवले. जगातल्या कितीतरी लोकांना ते काढता येत नाहीत. ते त्याला अवघड वाटलेच नाहीत, कारण ते त्याच्या आईनं त्याला दिले होते. चिन्यांना काय जड जातं ते त्यानं चिन्यांना न विचारता ठरवलं, आणि आपल्याला काय सोपं जातं ते सगळ्या जगाला सोपं आहे असं धरून चालला. उपकार करणाऱ्याची ही जुनी खोड. त्याला दुसऱ्याची अडचण दिसते, आपली सवय दिसत नाही.

पुढं या भाषेच्या लोकांनी अकादमी नेमली. बदल सुचवू लागले. तेव्हा श्लायर म्हणाला, शेवटचा शब्द माझा. भाषा माझी. १८८९ सालच्या पॅरिसच्या परिषदेनंतर चळवळ फुटली आणि बघता बघता संपत आली. १९३१ साली आरी दे योंग या डच माणसानं सुधारलेली आवृत्ती काढली, तिच्यात र परत आला. म्हणजे एका ध्वनीला हद्दपार करणं आणि परत बोलावणं, दोन्ही माणसांच्याच सहीनं झालं. त्यात निसर्गाची सही कुठंच नाही.

र आणि ल यांचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडचा हिशेब इथंच मांडतो. पतंजलीनं इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात महाभाष्य लिहिलं. व्याकरण का शिकायचं, याचं एक कारण तो सांगतो : असुरांनी हाक मारताना र च्या जागी ल म्हटला, म्हणून ते हरले. अशुद्ध बोलणारा तो म्लेंच्छ. श्लायरनं जो बदल दयेपोटी केला, तोच बदल इथं पराभवाचं कारण झाला. आता अशोकाचे शिलालेख बघा, पतंजलीच्या आधीच्या शतकातले. ओरिसातल्या धौली आणि जौगडच्या खडकावर ‘राजा’ नाही, ‘लाजा’ आहे. मगधाकडच्या भाषेत र चा ल होत होता, आणि सम्राटानं तो तसाच दगडात कोरवून घेतला. त्या वेळी त्या ल ला हसायची कुणाची टाप होती? पुढं मगधाचं राज्य गेलं. आणि कालिदासाच्या शाकुंतलात तीच मागधी, तोच ल, कुणाच्या तोंडी आला? अंगठी सापडलेल्या कोळ्याच्या. शिपाई त्याला मारतात, टिंगल करतात, आणि राजा मात्र संस्कृतात बोलतो. ल तोच. सम्राटाच्या तोंडात होता तेव्हा राजाज्ञा होता, कोळ्याच्या तोंडात गेला तेव्हा गावंढळ झाला. ध्वनीचा दर्जा सत्तेबरोबर चढतो आणि सत्तेबरोबर उतरतो. गोडव्याची गोष्ट मागून रचतात.

‘पानी’चंही तसंच. हिंदीत ‘पानी’च शुद्ध आहे, दिल्लीचा मंत्रीही तेच म्हणतो आणि कुणी हसत नाही. संस्कृतात शब्द आहे ‘पानीय’. त्यातही न च आहे. म्हणजे शुद्धतेचा दाखला संस्कृताकडून आणायचा म्हटलं तर तो आपल्या आजीच्या बाजूनं निघतो. पण दाखला कधी दाखवायचा आणि कधी खिशात ठेवायचा, हे ठरवणारे वेगळे.

तिसरी भाषा एस्पेरांतो. हिचा कर्ता लुडविक झामेनहोफ हा ज्यू. जन्म १८५९ सालचा, गाव बियालिस्टोक. ते तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू. चार समाज, चार भाषा, आणि एकमेकांचा द्वेष. त्याच्या घरची यिद्दिश भाषा सभ्य लोक भाषाच मानत नव्हते, तिला ‘झार्गोन’ म्हणून हिणवायचे. ज्यू माणूस जर्मन बोलला तरी त्याच्या हेलावरून त्याला ओळखायचे, आणि त्या हेलाला जर्मनमध्ये टिंगलीचा वेगळा शब्दच होता. म्हणजे आपल्याला ओळखीचं वाटावं असंच सगळं. अशा माणसानं १८८७ साली वॉर्सात आपली भाषा छापली.

तिची ध्वनिव्यवस्था अशी : पाच स्वर, तेवीस व्यंजनं. एक अक्षर, एक ध्वनी, अपवाद नाही. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. मराठी माणसाला यात एक गंमत सापडेल. आपल्याकडे ‘चूल’मधला च वेगळा आणि ‘चिंच’मधला च वेगळा, पण अक्षर एकच. एस्पेरांतोत या दोघांना दोन अक्षरं आहेत. आपल्या अक्षरानं जे झाकलं ते त्यानं मोकळं लिहिलं. याचा फायदा साधा नाही. जिथं लिहिल्याप्रमाणं बोलायचं आणि बोलल्याप्रमाणं लिहायचं, तिथं ‘आमच्या घराण्यात असा उच्चार करतात’ ही फुशारकी चालत नाही. पुस्तक उघडलं की नियम सगळ्यांना सारखा. गुरूच्या पायाशी बसायची गरज नाही.

तरी झामेनहोफचं तोंडही या भाषेत शिरलंच. हे ध्वनी पोलिश, बेलारूसी, यिद्दिश यांच्या शेजारातले आहेत. ‘माहीत असणे’ याचा त्याच्या भाषेतला शब्द स् आणि त्स् या जोडीनं सुरू होतो. जपानी माणसानं, चिनी माणसानं तो म्हणून दाखवावा. र आणि ल वेगळे ठेवले, तिथंही जपानी माणूस अडतो. तेव्हा दोष काढायचा तर इथंही निघतो. कुणीही माणूस आपलं तोंड बाजूला काढून भाषा करू शकत नाही.

मग श्लायर आणि झामेनहोफ यांत फरक काय? फरक ध्वनींत नाही, मालकीत आहे. झामेनहोफनं पहिल्याच पुस्तकात भाषेवरचा हक्क सोडला. १९०५ साली फ्रान्समध्ये बुलोन गावी पहिली मोठी परिषद भरली, तिथं जाहीर झालं की ही भाषा कुणा एकाची नाही. परिणाम ध्वनींतही दिसला. उर्दूतल्या ‘ख़ुदा’त घशातून निघतो तसा एक ध्वनी त्यानं भाषेत घातला होता. बोलणाऱ्यांना तो जड गेला. त्यांनी हळूहळू बऱ्याच शब्दांत त्याच्या जागी क म्हणायला सुरुवात केली. ‘ख़ेमिओ’चं ‘केमिओ’ झालं. कुणी बहिष्कार घातला नाही, कुणाची जीभ छाटली नाही. तोंडांनी नियम वाकवला आणि भाषा तशीच चालू राहिली.

पण या कहाणीचा शेवट गोड नाही. हिटलरनं आपल्या पुस्तकात एस्पेरांतोला ज्यूंचं कारस्थान ठरवलं. झामेनहोफ १९१७ सालीच वारला होता. त्याचा मुलगा आदाम याला नाझींनी १९४० साली गोळ्या घातल्या. सोफिया आणि लिदिया या त्याच्या मुली १९४२ साली त्रेब्लिंकाच्या छावणीत मारल्या गेल्या. भाषेला जात नव्हती, तर त्यांनी भाषेच्या बापाची जात काढली. हे आपण विसरू नये. ध्वनी कितीही नीट निवडा, लिपी कितीही सरळ ठेवा, ज्याला जात बघायचीच आहे तो बोलणाऱ्याची बघेल. निव्वळ भाषा सुधारून समाज सुधारत नाही.

आता उलट्या बाजूचं उदाहरण. १९८४ साली अमेरिकेत स्टार ट्रेक मालिकेतला तिसरा सिनेमा आला. त्यात क्लिंगॉन नावाची परग्रहावरची लढाऊ, रांगडी जमात आहे. त्यांची भाषा मार्क ओक्रंड या भाषाशास्त्रज्ञानं केली. कोश १९८५ साली निघाला. मागणी अशी की भाषा माणसांची वाटू नये, घशातून खरखरत यावी. मग त्यानं कोणते ध्वनी निवडले? घशाच्या तळातले. आणि जीभ वर वळवून म्हणायचा ड, आणि तशीच जीभ वळवून म्हणायचा ष. म्हणजे अमेरिकन कानाला परग्रहावरचा वाटावा म्हणून जो ड घेतला, तो आपल्याकडे डाळीत, डोळ्यात, ‘गाडी’त, ‘वाडा’त, ‘भाकरीच्या तुकड्या’त रोज आहे. आणि तो ष तर वेदपठण करणाऱ्याच्या जिभेचा अभिमान. पुण्यात ज्याला शुद्ध म्हणतात त्यालाच हॉलिवूडमध्ये राक्षसी म्हणतात! ओक्रंडला मी दोष देत नाही. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या मुत्सुन या मेलेल्या भाषेचं व्याकरण लिहून त्यानं १९७७ साली डॉक्टरेट मिळवली होती. त्यानं प्रेक्षकांचा कान ओळखला, एवढंच. प्रेक्षकांच्या कानाला ‘परका’ कसा ऐकू येतो, ते त्या भाषेत आपल्याला वाचता येतं. आणि गंमत म्हणजे पुढं लोक ही खरखर हौसेनं शिकले. हॅम्लेटसुद्धा तिच्यात आलं. आदर आला की खरखरही गोड लागते.

तेव्हा ‘कानाला गोड लागतं’ या वाक्यात ध्वनीची माहिती नाही, कानाची माहिती आहे. कान घडवलेला असतो. आपल्याकडे तर तो कायद्यानं घडवला. गौतम धर्मसूत्रानं वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला रस ओतायला सांगितला आणि वेद म्हणणाऱ्याची जीभ छाटायला. ध्वनी पवित्र, आणि त्याच ध्वनीला काही कान बंद, काही जिभा बंद. मग शतकांनंतर त्याच जिभांना विचारायचं, तुमचे उच्चार असे का?

इथं एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळू नये. कुणी म्हणेल, ध्वनींतले फरक नुसते मिरवायला नसतात. त्यांनी अर्थ बदलतो. ‘मन’ वेगळं आणि ‘मण’ वेगळा. सगळे फरक पुसले तर भाषा कशी चालणार? याचं उत्तर देणारी एक भाषा आहे. कॅनडातल्या सोन्या लँग या बाईंनी २००१ साली टोकी पोना केली. तिच्यात पाच स्वर आणि नऊ व्यंजनं, बस्स. प म्हणा की ब, त की द, क की ग, अर्थ तोच. ल ला र सारखा म्हटला तरी चालतो. कुणाचंच तोंड अडत नाही. पण किंमत मोजावी लागली. मूळ शब्द सव्वाशेच्या आसपास. त्यांत कायद्याचा मसुदा लिहायला गेलं तर दम निघेल. राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाची आपण लेकरं. आपल्याला बारीक फरक सांगणारी, धारदार भाषा लागते. म्हणजे ध्वनी कमी करणं हा आपला रस्ता नाही. ‘ण’ला हाकलून बदला घेणं हाही नाही. ‘ण’नं आपलं काय वाईट केलंय?

टोकी पोनाकडून शिकायचं ते वेगळंच. तिथं सूट ही चूक मानून दिलेली माफी नाही. सूट हाच नियम आहे. भाषेला अर्थ कळण्यापुरता फरक लागतो, त्यापलीकडचा फरक हा तोंडातोंडातला फरक आहे, आणि त्यावर गुण-दोष देता येत नाहीत. ‘मनभर जवारी’ म्हटल्यावर दुकानदारानं कधी काळीज मोजून दिलं नाही. वऱ्हाडात ‘जवळ’चं ‘जवय’ होतं, म्हणून माणूस लांब गेला नाही. अर्थ पोचल्यावरही जो थांबवतो आणि उच्चार दुरुस्त करतो, तो भाषेची सेवा करत नसतो. तो पहारा देत असतो. १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा अडवायला आलेल्यांनी ‘पाणी’ म्हणता की ‘पानी’ असं विचारलं नव्हतं. हात कुणाचा ते विचारलं होतं.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात गोष्ट आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भगवान बुद्धांकडे तक्रार घेऊन गेले, की नाना जातीकुळांतले भिक्खू आपापल्या बोलीत बोलून आपलं वचन बिघडवतात, आम्ही ते छंदात बांधून देतो. बुद्धांनी त्यांना झिडकारलं आणि परवानगी नाकारली. पुढच्या शब्दांचा अर्थ पंडित वेगवेगळा लावतात, पण हा नकार पक्का आहे.

आता आपल्या घरातलं बोलू. प्रमाण उच्चार शिकावेत का? जरूर शिकावेत. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली, आणि पुढं संस्कृत त्यांनी आपल्या हिमतीनं मिळवलं. मिळवलेलं हत्यार टाकायचं नसतं. पोराला ‘ण’ शिकवा, पण त्याच्या आजीचा ‘न’ त्याच्यासमोर चूक म्हणून मांडू नका. दोन्ही त्याच्या जिभेवर राहू द्या.

पण खरी दुखरी जागा याच्याही पुढं आहे. सभा आपली, मांडव आपला, मागं फोटो बाबासाहेबांचा. माइक कुणाच्या हातात? ज्याचा ‘ण’ घासून स्वच्छ झालाय त्याच्या. आणि ज्यानं रातभर पोस्टरं चिकटवली, सतरंज्या घातल्या, ज्याच्यावर केस झाली, तो ‘नाय’ आणि ‘पानी’ म्हणतो म्हणून त्याला आपण फार तर आभार मानायला उभं करतो. बाईमाणूस असेल तर तेवढंही नाही. सदाशिव पेठेचा कान आपण शिव्या देत देत आपल्याच डोक्यात बसवून घेतला, असं याचा अर्थ होतो. श्लायर पाद्र्यालाही वाटत होतं की तो सगळ्या जगाचं भलं करतोय.

भाषा न्यायी आहे की नाही, हे तिच्यात किती ध्वनी आहेत यावरून ठरत नाही. वेगळ्या तोंडानं बोललेलं ती हसल्याशिवाय ऐकते का, यावरून ठरतं. आणि ऐकायचं काम भाषा करत नाही, माणसं करतात. येत्या बैठकीत अध्यक्ष कोण, वक्ता कोण, हे ठरवताना यादी एकदा मोठ्यानं वाचा. त्यात ‘पानी’ म्हणणारं कुणी नसेल, तर यादी परत करा.